गोडबोल्याच्या दुकानासमोरचं टेबल

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे रिजेक्टबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने म्हणत. काम तिचं शेवटच्या टेबलावरचं. शिवून, इस्त्री होऊन आलेला शर्ट पांढऱ्या दिव्याखाली उलटासुलटा करायचा, कॉलरची दोन्ही टोकं जुळवून बघायची, काजांवरून नख फिरवायचं, आणि कुठे टाका सुटलेला दिसला की शर्ट डाव्या टोपलीत. माल न्यायला गाडी दारात उभी असायची, मुकादम काकुळतीला यायचा, "बाई, एवढंसं तर आहे, कोण बघणार आहे?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मी बघितलंय की."

तिने लग्न केलं नाही. का केलं नाही याची लोकांनी बरीच चौकशी केली, आणि शेवटी कारणही लोकांनीच ठरवून टाकलं: आलेली स्थळंसुद्धा हिने दिव्याखाली धरून बघितली असणार. ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचली तेव्हा ती पोट धरून हसली होती आणि सगळ्यात आधी ताईला सांगायला वर गेली होती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. एकाच इमारतीत दोघी राहायच्या. रिजेक्टबाई तळमजल्यावर, ताई तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि मग ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिना उतरणं बंद झालं. रिजेक्टबाईही तोवर कारखान्यातून निवृत्त झाली होती. तेव्हापासून दोघींचा संसार फोनवर चालायचा. ताईच्या बाहेरच्या खोलीत फोनचं बूड, ज्यावर तो चार्ज व्हायचा, भिंतीजवळ ठेवलेलं असे आणि हातात धरायचा बिनवायरचा फोन ताईच्या गाऊनच्या खिशात. दिवसातून कितीतरी वेळा खालचा फोन वाजायचा. दूध उतू गेलं, समोरच्या गच्चीवर कोणीतरी नवी चादर वाळत घातली, खालच्या मांजरीला पिल्लं झाली असं ऐकलं ते खरं का. भाचीने ताईला चांगला मोबाइल आणून दिला होता. ताईने तो कपाटात ठेवून दिला. म्हणाली, "त्या काचेला कळत नाही, मी बोट लावलं का खाजवलं. माझी बटणंच बरी."

तर या फोनची बॅटरी गेली. बुडावरून उचलला की थोड्या वेळात टूं टूं करायचा आणि बोलता बोलता मरायचा. ताई म्हणाली, "हा आता माझ्यासारखा झालाय. दिवसभर बसवून ठेवला तरी उठला की दमतो. जा, याला नवे गुडघे आण."

रिजेक्टबाई मागचं झाकण काढून जुनी बॅटरी घेऊन बाजारात गेली. बाजाराच्या टोकाला एक दुकान होतं. रिमोट, चार्जर, विजेऱ्या, घड्याळाचे सेल, सगळं काचेत टांगलेलं. दुकानदाराला सारा बाजार गोडबोल्या म्हणायचा, आणि त्यालाही ते आवडायचं. त्याने तिच्यासमोर दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक साधी, निळी, तिच्यावर क्षमतेचा आकडा जुन्या बॅटरीवर होता तेवढाच. दुसरी सोनेरी, चकचकीत, तिच्यावरचा आकडा चौपट.

"आकडा मोठा तेवढा दम मोठा," तो म्हणाला. "ही घ्या. वर्षानुवर्षं बघायला नको."

"पण वजनाला ही हलकी लागतेय."

"नवीन तंत्र आहे ना, मावशी."

"फोनला चालेल ना नक्की? वरच्या मजल्यावर बहीण एकटी असते."

तो हसला. "मावशी, फोनची बॅटरी घ्यायचीय, जावई नाही शोधायचा. डोळे मिटून घ्या."

ती पण हसली. जन्मभर कापडाची उलटी बाजू बघितल्याशिवाय हात न लावणारी बाई, पण बॅटरीतलं तिला काही कळत नव्हतं आणि माणूस गोड बोलत होता. तिने सोनेरी बॅटरी घेतली.

काही आठवडे फोन बरा चालला. मग पुन्हा मधेच कापायला लागला. ताई म्हणायची, "तुझा सोन्याचा गुडघा पण दुखायला लागला." रिजेक्टबाई म्हणायची, जाते आज दुकानात. मग उद्या जाते. असं चाललं होतं.

एका सकाळी ती खाली इस्त्री करत होती. फोन वाजला. "अगं ऐक, मी इथे..." ताईचा आवाज, आणि कट. तिने उलटा फोन लावला, तो लागेना. मेला वाटतं परत, असं म्हणून तिने फोन ठेवला. बुडावर बसवेल आणि करेल मग ती. हातातली चादर अर्धी झाली होती, ती पुरी केली. मग उशांचे अभ्रे केले. फोन आला नाही. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, किल्ली घेतली आणि वर गेली.

ताई न्हाणीघराच्या फरशीवर पडली होती. नळ चालू होता. फोन अजून तिच्या मुठीत होता. तिने मान वळवून बहिणीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "किती वेळ लावलास गं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण ओल्या फरशीवरचा गारठा छातीत बसला होता तो निघाला नाही. डॉक्टर रोज काहीतरी नवीन नाव सांगायचे. भाची आली, राहिली, रडली. ताई इस्पितळातून घरी आली नाही.

सगळं आटोपलं, भाची परत गेली, वरच्या खोलीला कुलूप लागलं. रिजेक्टबाईने ताईचा फोन खाली आणला होता. त्यातली सोनेरी बॅटरी काढून पिशवीत टाकली आणि ती दुकानात गेली. भांडायला गेली नव्हती. तिला फक्त त्याला सांगायचं होतं की असं झालं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. तिने बॅटरी काचेवर ठेवली आणि सांगितलं. गोडबोल्याने सगळं ऐकून घेतलं, चुकचुकला, आणि मग गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "वाईट झालं, मावशी. पण बॅटरी मेली म्हणून माणूस मेलं, असं कुठे ऐकलंय का? उद्या माझ्या विजेरीचा उजेड पडला नाही म्हणून कोणी खड्ड्यात पडेल आणि मला फासावर लटकवा म्हणेल." आणि तो हसला. गिऱ्हाइकंही हसली. कोणी मुद्दाम नाही, पण दुकानदार हसला की हसतात तशी.

तिने बॅटरी उचलली. ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. आत काहीतरी घट्ट, गार बसलं, आणि ते बसलं याचं तिला जरा बरंच वाटलं. कितीतरी दिवस नुसतं पोकळ पोकळ वाटत होतं.

दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका रेडिओ दुरुस्तीवाल्याची टपरी होती. अबोल माणूस. नळातून थेंब सोडावा तसा एकेक शब्द सोडायचा. तिने ती बॅटरी त्याच्यापुढे ठेवली. "ही नवी होती का, बघा."

त्याने ब्लेडने सोनेरी वेष्टन कापलं आणि केळ्याचं साल काढावं तसं सोललं. आत दुसरं वेष्टन होतं, विटकं, भलत्याच छापाचं. टोकांना गंज.

"जुने सेल," तो म्हणाला. "कुठल्यातरी भंगारातले. वरून नवा अंगरखा."

"त्याला माहीत असेल?"

दुरुस्तीवाल्याने रस्त्यापलीकडे बघितलं. "अंगरखा कोण चढवतं मग?"

तिने आधी सरळ मार्ग धरला. ग्राहकांच्या तक्रारीचं कार्यालय होतं, तिथे जाऊन आली. पावती आहे का, असं विचारलं. पावती नव्हती. मग तक्रारही नव्हती. त्यानंतरचे काही दिवस तिने मनातल्या मनात घालवले. मनात तिने त्याच्या काचेवर दगड मारला, त्याच्या कुलपात डिंक ओतला, त्याचं दुकान जळताना बघितलं आणि आग विझवायला आलेल्यांना चुकीचा रस्ता सांगितला. भाजी चिरताना, केस विंचरताना, तिला त्याचं हसू ऐकू यायचं. पण दगड मारणं हे तिचं काम नव्हतं. तिचं काम तिला येत होतं.

ती परत दुरुस्तीवाल्याकडे गेली. "बॅटरी चांगली की वाईट, हे बघायचं मला शिकवा."

त्याने कारण विचारलं नाही. टपरीत स्टुलावर बसवून तो रोज थोडं थोडं दाखवत गेला. नुसता मीटर लावला तर मेलेला सेलही जिवंत असल्याचं सोंग करतो. त्याला काम द्यायचं, मग खरं कळतं. म्हणून त्याने एका लाकडी फळीवर तिच्यासाठी छोटा बल्ब बसवून दिला, दोन चिमटे लावून. चार्ज केलेली बॅटरी चिमट्यात धरली की बल्ब पेटणार. बॅटरी धड असेल तर पेटून राहणार. नुसतीच सजवलेली असेल तर बघता बघता पिवळा होणार, तांबूस होणार आणि विझणार.

मग तिने घरातलं घडीचं टेबल आणलं, टपरीच्या कडेला मांडलं, आणि एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: फोनच्या बॅटऱ्या फुकट तपासून मिळतील. दुकानाकडे तोंड करून ती खुर्चीवर बसली.

गोडबोल्याविषयी तिने एक अक्षरही काढलं नाही. तशी गरजच नव्हती. फुकट म्हटल्यावर लोक थांबतातच. दुकानातून बॅटरी घेऊन बाहेर पडलेला माणूस पुठ्ठा वाचायचा, रस्ता ओलांडायचा आणि गंमत म्हणून बॅटरी पुढे करायचा. रिजेक्टबाई ती दुरुस्तीवाल्याच्या चार्जरवर लावायची, बाजार करून या म्हणायची, आणि माणूस परत आला की त्याच्या डोळ्यांदेखत चिमटे लावायची.

"बघा तुम्हीच," ती म्हणायची. "मी काही बोलत नाही."

बल्ब पेटायचा. माणूस खूश व्हायचा. मग बल्ब पिवळा व्हायचा. माणसाचं हसू बल्बाबरोबरच विझत जायचं. तो बॅटरी उचलायचा आणि तरातरा परत रस्ता ओलांडायचा. आणि ती खुर्चीवर मागे रेलून बघायची. काचेपलीकडे हात हलायचे, आवाज चढायचे, गोडबोल्याची मान आधी तिरकी व्हायची, मग खाली जायची. ते बघताना तिला जे वाटायचं त्याला ती सुख म्हणायला तयार नव्हती, पण घरी जाऊन ती दोन घास जास्त जेवायची.

लोक विचारायला लागले, मग घ्यायची कोणती? तेही ती सांगायची. एकदा एक शाळेतल्या बाई आल्या, घरात तीन फोन, तिन्ही मेलेले.

"आधी जुनी बॅटरी आणा," रिजेक्टबाई म्हणाली, "नुसतं फोनचं नाव सांगू नका. दोन सेलांची आहे का तीन सेलांची, ते बघायचं. त्यावर व्होल्टचा आकडा असतो, तो तंतोतंत जुळला पाहिजे. वायरीच्या टोकाची ती पांढरी खुंटी असते ना, ती पण सारखी हवी, आणि लाल वायर ज्या बाजूला होती त्याच बाजूला. उलटी असेल तर बसते, पण फोन बसतो तो कायमचा."

"आणि हा मोठा आकडा? जास्त असला तर चांगलं ना?"

"थोडा जास्त चालतो. पण करंगळीएवढ्या सेलात मावून मावून किती मावणार? चौपट लिहिलं असेल तर समजा, छापणाऱ्याला लाज नाही. आणि सुटे सेल लागणारा फोन असेल तर साधे, चार्ज न होणारे सेल घालून बुडावर ठेवू नका. गळतात आणि फोन खातात."

त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही दुकान का नाही टाकत?"

"मला विकायचं नाही काही," रिजेक्टबाई म्हणाली.

गोडबोल्याने आधी गोडीत घेतलं. चहा पाठवला. तिने तो न पिता दुरुस्तीवाल्याला दिला. मग तो स्वतः आला, हातात निळी बॅटरी घेऊन. "मावशी, ही माझ्याकडून. ताईंच्या फोनला घाला."

"कोण बोलणार आहे त्यावरून?" ती म्हणाली. तो परत गेला.

मग पदपथावर टेबल मांडता येत नाही म्हणून कोणीतरी तक्रार केली. पालिकेचा माणूस आला. तिने टेबल उचललं आणि टपरीच्या उंबरठ्याच्या आत ठेवलं. दुरुस्तीवाला आपलं स्टूल घेऊन कोपऱ्यात सरकला. दुकान आणि टेबल यांच्यामधलं अंतर वीतभर वाढलं, एवढाच काय तो फरक.

आणि मग एक दिवस गोडबोल्याचा गोडवा संपला. एका गिऱ्हाइकाने सोनेरी बॅटऱ्यांचा खोकाच त्याच्या अंगावर फेकला होता. तो रस्ता ओलांडून आला, टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला, आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या पोटावर पाय देताय ना? द्या. पण एक विचारतो. सगळी इमारत सांगते. फोन कट झाला तेव्हा तुम्ही तीन जिने खाली होतात. वर का नाही गेलात लगेच? काय करत होतात?"

दुरुस्तीवाल्याने हातातलं काम थांबवलं.

"इस्त्री," ती शेवटी म्हणाली. "इस्त्री करत होते."

गोडबोल्यालाही हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्याचे हात टेबलावरून निघाले. ती उठली, फळी पिशवीत टाकली आणि घरी गेली. त्या दुपारी ती कॉटवर ताईचा फोन घेऊन बसून राहिली. त्याने विचारलं ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं असं थोडंच होतं? प्रत्येक चादरीला, प्रत्येक अभ्र्याला विचारलं होतं. शिक्षा दोघांना व्हायला हवी होती, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकीला ती घरात रोज देत होती. दुसऱ्याला द्यायला बाजारात जावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर टेबलावर हजर होती.

आता मात्र गोडबोल्याने डोकं चालवलं. सोनेरी माल त्याने काढून टाकला. कुठूनतरी खरा, चांगला माल आणला, आणि गिऱ्हाइकाला बॅटरी देताना स्वतःच म्हणायला लागला, "पैसे नंतर द्या. आधी समोर मावशीकडे जा. बल्ब विझला तर बॅटरी माझ्या तोंडावर मारा."

लोक यायचे. बल्ब पेटायचा. पेटलेलाच राहायचा. लोक हसत रस्ता ओलांडून परत जायचे आणि आणखी एक घ्यायचे, शेजाऱ्यांसाठी. दुकानात पूर्वी नव्हती एवढी गर्दी झाली. गोडबोल्या गल्ल्यावरून तिच्याकडे बघून मान लववायचा. अगदी आदराने.

रिजेक्टबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने ताईसाठी मांडलेलं टेबल त्याने स्वतःच्या पाटीसारखं वापरायला घेतलं होतं, आणि तेही फुकट. उठून जावं तर तो जिंकला. बसावं तरी तोच जिंकत होता.

अशात एक माणूस आला. पन्नाशीचा, थकलेला, कारकुनासारखा. हातात गोडबोल्याची नवी बॅटरी. "वडील वरच्या खोलीत असतात," तो म्हणाला, "अंथरुणाला खिळलेले. हाक मारली तर खाली ऐकू येत नाही, म्हणून उशाशी फोन ठेवलाय. तो मधेच बंद पडतो. ही चांगली आहे ना, तेवढं बघा."

तिने बॅटरी चार्जरवर लावली. तो परत आल्यावर चिमटे लावले. बल्ब पेटला, पांढराशुभ्र. तिने फळीवर असा हात धरला होता की त्याला तो नीट दिसू नये. समोर गोडबोल्या मान लववायच्या तयारीत उभा होता.

"खराब आहे," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने चांगला माल डाव्या टोपलीत टाकला.

माणसाने शंकासुद्धा घेतली नाही. तो दुकानात गेला आणि बॅटरी काचेवर ठेवली. तिने बघितलं, गोडबोल्या भांडत नव्हता. तो बॅटरीकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग परत बॅटरीकडे. माल चांगला आहे हे त्याला माहीत होतं आणि ते सांगून कोणाला पटणार नाही हेही माहीत होतं. त्याचा चेहरा पडला, अगदी लहान झाला. हेच तिला हवं होतं. इतके दिवस हेच हवं होतं. ते मिळालं आणि गोड लागलं.

माणूस बाहेर पडला आणि बस थांब्याकडे चालू लागला.

"बल्ब पेटला होता," मागून दुरुस्तीवाला म्हणाला.

"माहीत आहे."

त्याने पुन्हा आपलं काम हातात घेतलं. ती त्या माणसाच्या पाठीकडे बघत होती. वरची खोली. उशाशी मेलेला फोन. खाली हाक ऐकू येत नाही. ती ताडकन उठली, चपला शोधायलाही थांबली नाही, आणि त्या वयात, अनवाणी, बाजारातून पळत सुटली. लोक वाटेतून बाजूला झाले. बस अजून आली नव्हती.

"ती बॅटरी चांगली आहे," ती धापा टाकत म्हणाली. "मी खोटं बोलले."

माणसाला कळेना. "का?"

"माझं त्या दुकानदाराशी वैर आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "मग त्यात माझे वडील कशाला?" रागावून नाही, खरोखरच विचारावं तसं त्याने विचारलं.

ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

ते हसू ऐकून पायऱ्या उतरल्यापासून ती दुकानात चढली नव्हती. आता चढली. आत गिऱ्हाइकं होती. "यांना तीच बॅटरी द्या," ती म्हणाली. "चांगली आहे. मी चुकीचं सांगितलं."

गोडबोल्याने न बोलता बॅटरी दिली. माणूस गेला. गोडबोल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनं हसू परत यायला लागलं. "मोठं मन आहे तुमचं, मावशी. झालं गेलं..."

"थांब," ती म्हणाली. तो तिला 'मावशी, तुम्ही' म्हणायचा आणि आजपर्यंत तिनेही त्याला अरेतुरे केलं नव्हतं. "तुझा माल चांगला आहे, आणि मी तुला माफ केलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत दुसरी मिसळू नकोस. माझ्या तोंडून नुसतं 'खराब' निघालं तर काय होतं, ते तू आत्ता बघितलंस. खरं असो वा खोटं, लोक ऐकतात. तेव्हा उद्यापासून फोनच्या बॅटऱ्यांचा प्रत्येक खोका काचेत लागायच्या आधी माझ्या टेबलावर येईल. माणसाच्या हाती नाही पाठवायचा. तू आणायचा. मी एकेक बघेन आणि माझं होईपर्यंत तू समोर उभा राहशील."

दुकानातली गिऱ्हाइकं ऐकत होती. या वेळी कोणी हसलं नाही.

"आणि नाही आणला तर?"

"तर मग मी आहे आणि माझी जीभ आहे."

ती खोटं पुन्हा कधीच बोलली नसती. पण ते त्याला सांगायची तिला काही गरज वाटली नाही.

तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर उघडायच्या आधी, खोका छातीशी धरून. तिने खुर्ची दिली नाही. एकेक जोडी ती उचलायची, वेष्टनाच्या कडेवरून नख फिरवायची, टोकं बघायची, चिमटे लावायची, आणि कारखान्यात कधी लावला नव्हता एवढा वेळ लावायची. ऊन चढायचं. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा. येणारेजाणारे बघायचे. पहिल्या पहिल्यांदा तो गप्पा मारायचा प्रयत्न करायचा, हवेच्या, महागाईच्या. तिने एकदाही हूं म्हटलं नाही. मग तोही गप्प राहायला लागला. कधी एखादी जोडी खरंच कमजोर निघायची. ती डाव्या बाजूला ठेवायची आणि तो मुकाट्याने उचलायचा.

भाचीला हे कोणाकडून तरी कळलं. तिने फोन केला. "मावशी, पुरे ना आता. सोड त्याला. आईने पण सोडलं असतं."

"तुझ्या आईने सोडलं असतं," रिजेक्टबाई म्हणाली. "ती चांगली होती."

एका सकाळी, खोका अर्धा झाला असताना, गोडबोल्या खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

तिने ऐकलं. तिचा हात चिमट्यावर थांबला. मग म्हणाली, "पुढची दे."

पुढे थंडीत तिला ताप आला. बरेच दिवस ती अंथरुणातून उठली नाही. टेबल दुमडून टपरीत पडलं होतं. बरी झाल्यावर ती बाजारात गेली तेव्हा दुरुस्तीवाल्याने त्याच्या परीने बरीच मोठी बातमी सांगितली. "त्याने बॅटऱ्या विकल्या नाहीत. तुम्ही नव्हतात तेवढे दिवस. खोका आणायचा, टेबल नाही हे बघायचा, परत न्यायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, मावशी आल्या की या."

तिने रस्त्यापलीकडे बघितलं. दुकान उघडलेलं होतं, आणि काचेत विजेऱ्या होत्या, रिमोट होते, फोनच्या बॅटऱ्यांची जागा रिकामी होती. तिला बरं वाटलं. तापातून उठल्यावर अंगाला वारा लागतो तसं आतपर्यंत बरं वाटलं. आणि या माणसामुळे आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येताच तिचा असा संताप झाला की तिने टेबलाची घडी आपटूनच उघडली.

गोडबोल्याने तिला बघितलं. तो खोका घेऊन आला आणि समोर उभा राहिला. अंगात ताकद नव्हती, हात हळू चालत होते, पण त्या दिवशी तिने एकेक जोडी दोनदा तपासली.